मातीत शून्य नसतं

१

मी मातीतले जंतू मोजते. बावीस वर्षं हेच काम. कुणी विचारलं तर मी "प्रयोगशाळेत असते" एवढंच सांगते, कारण जंतू म्हटलं की समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो.

काम तसं सोपं आहे. एक ग्रॅम माती नऊ मिली पाण्यात ढवळायची. त्यातलं एक मिली पुढच्या नऊ मिलीत घालायचं, त्यातलं एक पुढच्यात. अशा सहा नळ्या उतरल्या की माती इतकी पातळ होते की नळीत नुसतं पाणीच आहे असं वाटतं. त्यातलं एक मिली काचेच्या बशीत घालून वर कोमट जेली ओतायची, आणि ती थिजली की बशी पालथी करून उबेच्या कपाटात ठेवायची. तिसऱ्या दिवशी जेलीत ठिपके उगवलेले असतात. पांढरे, पिवळे, एखादा गुलाबी. एक ठिपका म्हणजे सुरुवातीचा एक जंतू. ठिपके मोजून पुढे शून्यं लावली की झाला हिशेब. चमचाभर चांगल्या मातीत कोटींनी निघतात. बशीच्या पाठीवर पेनाने प्रत्येक ठिपक्यावर खूण करत जायचं, म्हणजे एकच दोनदा मोजला जात नाही.

शेजारच्या टेबलावर पाणीवाली बसते. ती नळाचं पाणी तपासते. आमचं दोघींचं एकाच छपराखाली अगदी उलटं चालतं. तिच्याकडे शून्य आलं की ती खूश, माझ्याकडे शून्य आलं की माझी चूक. "मातीत शून्य नसतं," असं साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. बावीस वर्षांत तसं कधी आलंही नव्हतं.

२

ती पिशवी धाकटीने पाठवली. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती, त्यामुळे तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं मीच केलं. आता ती शहराच्या कडेला नव्या बैठ्या घरांच्या रांगेत राहायला गेली होती आणि तिला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा या वेळी ती नुसती बादली उचलते म्हणाली तरी मी फोनवर ओरडत असे.

"ताई, खत होत नाहीये गं," ती म्हणाली. "मागच्या अंगणात खड्डा केलाय ना, त्यात सालं टाकते रोज. तळाची छान काळी झालीत. पण गेल्या महिन्यापासूनची तशीच आहेत. माती बघ ना जरा तपासून."

"पाणी घालतेस का?"

"घालते."

"जास्त घालत असशील."

"तू बघ तरी आधी. नाकाने कांदे सोलू नकोस."

तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. जाता जाता त्याने पिशवी आमच्या फाटकावर ठेवली. मी ती उघडली आणि सवयीने नाक आत घातलं. मातीचा वास मला आवडतो. तो मातीचा नसतो खरं तर, तो तिच्यातल्या जंतूंचा असतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

पिशवीतल्या मातीला वास नव्हता. ती काळी, ओलसर, भुसभुशीत होती, हाताला चांगली लागत होती, आणि नाकाला मात्र धुतलेल्या काचेसारखी काहीच लागत नव्हती. मला सर्दी झाली असेल म्हणून मी शेजारच्या कुंडीतली माती हुंगून पाहिली. तिचा वास आला.

३

तिसऱ्या दिवशी बशा काढल्या तर सहाच्या सहा स्वच्छ.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. जेली फार गरम असताना ओतली असणार. पुन्हा केलं, मनगटाच्या आतल्या बाजूला नळी टेकवून ऊब बघितली. बशा पुन्हा स्वच्छ. मग नळ्यांची भानगडच नको म्हणून एक चिमूट माती सरळ जेलीवर टाकली. कुठलीही माती अशी टाकली की तिसऱ्या दिवशी तिच्याभोवती नुसती जत्रा भरते. ही चिमूट तीन दिवसांनी पहिल्या दिवशी होती तशीच बसून होती. तिच्यातला ओलावासुद्धा सुकला नव्हता.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"मातीत शून्य नसतं, बाई. या कागदावर मी सही करणार नाही."

"तीनदा केलंय, साहेब."

"मग तीनदा चुकलंय. टाकून द्या ती पिशवी आणि कामाला लागा."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला मजा वाटली. बावीस वर्षं तेच तेच मोजल्यावर पहिल्यांदा काहीतरी मोजता न येणारं हातात आलं होतं. मी घरच्या कुंडीतली माती आणली आणि धाकटीची माती तिच्यात निम्मी निम्मी मिसळून लावली. निम्मे ठिपके येतील असा माझा अंदाज होता. एकही आला नाही. मग एक भाग तिची आणि नऊ भाग माझी. तरीही नाही.

साहेबांच्या सांगण्याप्रमाणे पिशवी मी टाकून दिली. फक्त एक चमचा डबीत घालून घरी नेली आणि गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत मिसळली. जेलीवर जे होतं ते जिवंत झाडाखाली होतं का, एवढंच बघायचं होतं. झाडाला काही झालं नाही. उलट त्याचं एक पानही पिवळं पडेना. एक कळी नुकती धरली होती, तीही छान टवटवीत होती. मी समाधानाने पाणी घातलं आणि विसरून गेले.

पाणीवाली त्या आठवड्यात भलतीच आनंदात होती. "शहराचं पाणी काय सुधारलंय!" ती म्हणाली. "पंधरा दिवसांत एक नमुना खराब नाही."

४

रविवारी मी बसने धाकटीकडे गेले. शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालत. सहा घरांच्या रांगेत दोनच घरांना पडदे होते. रस्त्याच्या कडेला कचऱ्याचा डबा भरून वाहत होता आणि त्यावर एकही माशी नव्हती. नगरपालिकेचं काम चोख दिसतंय, असं मनात म्हणत मी पुढे गेले.

स्वयंपाकघरात बसल्यावर काहीतरी कमी असल्यासारखं वाटत राहिलं. पाच मिनिटांनी लक्षात आलं. फ्रिजचा आवाज नव्हता. त्याचं दार उघडं होतं आणि आत धाकटीने चादरी घडी करून ठेवल्या होत्या.

"बिघडला?"

"बंद केला. लागतच नाही गं. दूध बाहेर राहतं की मजेत."

ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. "कधीचं आहे?" मी विचारलं. "असेल मंगळवारचं," ती म्हणाली. मी बोट बुडवून चाखलं. गोड होतं.

तिचा नवरा जेवायला बसला होता. "घराचा गुण आहे," तो हसत म्हणाला. "मी दोन दिवस घरी असलो की दाढीसुद्धा करावी लागत नाही. ट्रकवर चढलो की परत सुरू." आम्ही तिघंही हसलो. धाकटीने हसताना तोंडावर हात धरला तेव्हा तिच्या बोटाला पट्टी दिसली.

"काय झालं?"

"काही नाही, विळी लागली. झाले पंधरा-वीस दिवस."

मी पट्टी सोडवली. जखम चिघळली नव्हती. पू नाही, सूज नाही, लाली नाही. पण ती भरलीही नव्हती. कडा आत्ता कापल्यासारख्या होत्या आणि मधे रक्ताचा एक थेंब तयार होऊन थांबला होता. मी तो पुसला. बघता बघता तेवढाच दुसरा आला.

मी काही बोलायच्या आत धाकटीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "थांब, आत्ता मारेल. बघ." तळव्याखाली दोन बारीक लाथा लागल्या आणि मग एक मोठी. ती इतकी खुलली की मला दुसरं काही सुचलंच नाही.

५

तारीख आली आणि गेली. वर आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी सुट्टी टाकून तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ बघितलं.

"बाळ छान आहे. ठोके उत्तम. पण हे सात महिन्यांचंच आहे. तारीख मोजण्यात चूक झालीय तुमची."

"दोन महिन्यांपूर्वीही तुम्ही सातच सांगितले होते," मी म्हणाले.

त्यांनी जुना कागद काढला, नवा शेजारी धरला. डोक्याचं माप, मांडीच्या हाडाचं माप. आकडे दशांशापर्यंत तेच होते. "मग तेव्हा मापात चूक झाली असेल," त्या म्हणाल्या आणि दोन्ही कागद पटकन फाइलमध्ये घातले.

मोजणाऱ्याची चूक! साहेबही तेच म्हणाले होते, मीही आधी तेच म्हटलं होतं. पण ही तारीख मी मोजली होती. धाकटीने बातमी सांगितली त्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली होती आणि तेव्हापासून रोज एक, एकच खूण, जशी बशीच्या पाठीवर करते. मी दोनदा मोजत नाही आणि सोडतही नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदा भीती वाटली. खड्ड्यातली सालं, पातेल्यातलं दूध, बोटावरचा तो थेंब आणि आता हे. मला कारण कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की त्या घरात काही नासत नव्हतं, आणि जिथे काही नासत नाही तिथे काही पुढेही सरकत नसावं. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला सक्तीची रजा दिली असती.

"तू माझ्याकडे चल," मी तिला म्हणाले. "आज, आत्ता. कपडे मी नंतर आणते."

ती पायरीवरच थांबली. "मी नाही येणार."

"का?"

"दोनदा गेलं, ताई. तेव्हा आम्ही जुन्या घरात होतो. या घरात टिकलं. दोन्ही वेळा तूच होतीस ना माझ्याजवळ? मग मला हे घर सोडायला कसं सांगतेस?"

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. मी तिला काय बोलणार? पण मी बोलले. खूप बोलले, रडलेसुद्धा, रस्त्यात. आईची शपथ घातली, जी मी आयुष्यात कधी घातली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "बरं. आठच दिवस. आणि रडू नकोस, लोक बघतायत."

६

माझं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. धाकटीला आतली खोली दिली. फ्रिजची घरघर ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या दारावर थाप मारली.

बशा आणि जेली घरी नव्हत्या, पण मोजायची खोड जात नाही. मी सकाळी एका वाटीत दूध काढलं आणि उघडंच ओट्यावर, खिडकीच्या उन्हात ठेवलं. उन्हाळा होता. संध्याकाळपर्यंत ते नासायला हवं होतं. नासलं म्हणजे आपण सुटलो, असं मी ठरवलं. बावीस वर्षं मी अशा गोष्टींना हसत आले होते.

धाकटी मजेत होती. शेजारणीशी गप्पा मारत होती, जुने फोटो काढून बसत होती, माझ्या साड्यांना नावं ठेवत होती. "कामावर जा तू," ती म्हणाली. "सारखं काय माझ्या पोटाकडे बघतेस? दिसलीस की मलाच वाटतं आता काहीतरी होणार."

"व्हायलाच हवंय."

"होईल. आज ना उद्या."

संध्याकाळी कामावरून आले. दूध चाखलं. गोड होतं. दूधवाल्याने काहीतरी मिसळलं असेल, हल्ली सर्रास मिसळतात. दुसऱ्या दिवशी चाखलं, गोड. तिसऱ्या दिवशी मी वाटी नाकाशी धरून ओट्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यावर साधी सायही आली नव्हती.

७

चौथ्या दिवशी मी पाणीवालीला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ती हसली नाही. तिने हातमोजे काढले आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"माझ्याकडे आण तिला," ती म्हणाली. "सासूबाई आहेत, मुली आहेत, एक क्षण एकटी पडणार नाही. तुझं ते दूध-बिध मला काही कळत नाही. पण पोरीला जागा बदलून बघायची असेल तर माझं घर आहे."

मला एकदम हलकं वाटलं. मी तिचा हात धरला. तिने दुसऱ्या हाताने वही माझ्यापुढे सरकवली, मला जरा हसवायला.

"आणि हे बघ, शुभशकुन. सलग अडीच महिने शून्य. एक नमुना खराब नाही. साहेब म्हणाले, विक्रम आहे."

तिने दाखवलेल्या पानावर वरपासून खालपर्यंत शून्यं होती. मागच्या पानावरही होती. मी पानं उलटत गेले. पहिलं शून्य ज्या तारखेला होतं, त्याच्या आदल्या दिवशी मी धाकटीच्या पिशवीची गाठ सोडली होती. याच टेबलावर, तिच्यापासून दोन हातांवर.

"काय झालं?" पाणीवाली म्हणाली.

"काही नाही," मी म्हणाले. मी एक नवी बशी घेतली आणि माझी पाचही बोटं जेलीवर दाबली. नवीन कुणी कामाला आलं की आम्ही पहिल्या दिवशी हेच करून घेतो, हात किती घाण असतात ते दिसावं म्हणून. तीन दिवसांनी बोटांच्या जागी ठिपक्यांचे पाच पुंजके उगवतात आणि नवा माणूस कायमचा हात धुवायला शिकतो.

बशी पालथी करून मी कपाटात ठेवली. तीन दिवस थांबायची गरज नव्हती, तरी ठेवली.

८

दुपारीच घरी आले. धाकटी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. पाय कठड्यावर, मांडीवर फोटोंचा अल्बम.

"लवकर आलीस? बरं झालं. ताई, तुझा हा गुलाब काय सुंदर आहे गं. कधी उमलेल ही कळी?"

मी कुंडीकडे बघितलं. रोज सकाळी तिला पाणी घालत होते. रोज सकाळी माझ्या मनात येत होतं, उद्या उमलेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी असा दोन महिने घेतला होता. कळी होती तशी होती. बाहेरची एक पाकळी किंचित सुटलेली, आतल्या घट्ट मिटलेल्या. टोकाला तोच गुलाबी ठिपका. मी तिला हात लावला. ती गार, ओलसर आणि अगदी ताजी होती.

मीच आणलं होतं. धाकटीच्या घरातून एक चमचा, डबीत घालून, नुसतं बघावं म्हणून. तिला रडून, शपथ घालून ज्या घरातून बाहेर काढलं, ते घर मी आधीच माझ्या गॅलरीत आणून ठेवलं होतं. आणि आता पाणीवालीच्या घरीही ते धाकटीच्या आधी पोचलेलं होतं.

"ताई, अशी काय उभी आहेस? बस ना इथे."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. माझ्या नखांत कुंडीची माती होती. मला तिला हे सगळं सांगायचं होतं आणि मला ठाऊक होतं की ती काय म्हणेल. ती म्हणेल, टिकलंय ना? मग झालं तर.

"दे इकडे," ती म्हणाली आणि माझा हात धरून तिने पोटावर ठेवला. मी झटकन मागे घेतला.

"काय गं?"

"हात मळलेत माझे."

"मग काय झालं? मातीच तर आहे." तिने हात पुन्हा ओढला आणि या वेळी त्यावर स्वतःचा हात ठेवून घट्ट दाबून धरला. तिच्या बोटावरची पट्टी सुटली होती आणि थेंब तसाच होता. "थांब, आत्ता मारेल. बघ."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. आत फ्रिज घरघरत होता. मी डोळे मिटले आणि मोजलं, कारण मला दुसरं काही येत नाही. दोन बारीक. मग एक मोठी.

"कळलं?" धाकटी हसत म्हणाली. "आज-उद्या उमलेल बघ ती."

ती कळीकडे बघत होती.